एका खाटेवरची दोन माणसं

७ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार, आणि आधी कान पकडते. तुझं पत्र येऊन एकवीस दिवस झाले. आलं त्याच दिवशी वाचलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, मग उशीखाली सरकवलं आणि "उद्या लिहू, उद्या लिहू" करत राहिले. मध्ये दोनदा कागद पुढे घेतलाही. पहिल्या वेळी कागदाच्या कडेला बदकं काढत बसले. चांगली सात बदकं झाली, पत्र काही झालं नाही. दुसऱ्या वेळी "इकडे सर्व ठीक" एवढं लिहिलं आणि लक्षात आलं की हेच वाक्य मी बेकरीत हात भाजला तेव्हाही लिहिलं होतं. म्हणून फाडून टाकलं.

फोन केला असता, पण आपला फोन बाबांच्या टेबलावर, त्यांच्या उजव्या हाताशी. त्यांनीच उचलला तर काय बोलायचं, हे मला अडीच वर्षांत सुचलेलं नाही.

तर बातमी. मला सरकारी नोकरी लागली! हसू नकोस. चारच महिन्यांची आहे, पण गळ्यात ओळखपत्र आहे, त्यावर फोटो आहे आणि त्या फोटोत मी अट्टल चोर दिसते. काम म्हणजे माणसं मोजायची. घरोघर जायचं, दार वाजवायचं, नाव, वय, शिक्षण, धंदा लिहायचा, आणि विचारायचं की गेले सहा महिने इथेच राहताय का. राहत असतील तर मोजायचं, पाहुणे असतील तर सोडायचं. शाळेत गणितात काठावर पास होणारी तुझी बहीण आता अख्ख्या प्रदेशाचा हिशोब मांडतेय. आणि तुला म्हणून सांगते, माझी पायाला भिंगरी असण्याची खोड आयुष्यात पहिल्यांदा कामाला आली. बाकीचे मोजणारे चौथ्या जिन्यालाच दमतात.

हा भाग तू पाहायला हवास. कोबीच्या शेताचं कुंपण ओलांडलं की चार मजली इमारत, आणि तिच्या गच्चीवर पुन्हा कोंबड्या. दहा वर्षांपूर्वी इथे एकवीस हजार माणसं होती. आता भाज्या-फळं निवडून, धुऊन, खोक्यांत भरणाऱ्या अकरा शेड आहेत, दोन शीतगृहं आहेत, शाळा दोन वेळांत भरते, आणि चपला शिवणाऱ्याच्या शेजारी संगणक शिकवणारा बसतो. धंदा विचारला की लोक काय काय सांगतात! एक जण म्हणाला, "शेती." बायको आतून ओरडली, "ट्रक चालवतात हो, शेत गेल्या वर्षी विकलं." तो म्हणाला, "विकलं म्हणून काय झालं? शेतकरीच आहे मी." काय लिहू सांग. दुसऱ्याने धंदा सांगितला, "सासऱ्याच्या मर्जीत राहणं." ते मी "बेकार" म्हणून लिहिलं, पण तोंड पाहून वाटत होतं की काम बारा तासांचं असावं.

यादीत तेहतीस धंदे छापलेत. एकोणिसावा आहे, वजनकाटे दुरुस्त करणारा. सगळा भाग पालथा घातला, त्या रकान्यात शून्य. अकरा शेड, प्रत्येकीत सहा-सात काटे, आणि बिघडला की शहरात पाठवतात. पंधरा पंधरा दिवस लागतात. आमच्या दवाखान्यातला बाळं तोलायचा काटा तर वर्षभर ऐंशी ग्रॅम जास्त दाखवतोय. मी पाहिला. स्प्रिंग थकलीय. हात लावला नाही. का ते तुला माहीत आहे.

आमच्या म्हटलं, कारण मी राहते ती खोली त्या दवाखान्याच्या नर्सबाईंच्या घरात. आठ महिने झाले. एका जागी आठ महिने, मी! नर्सबाई बावन्न वर्षांच्या, नवरा नाही, मुलगा दूर, आवाज असा की इंजेक्शनच्या आधीच पेशंट बरा व्हावा. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "भाडं वेळेवर, नळ घट्ट बंद, आणि उगाच दुःखी बसायचं नाही. चालेल?" मी म्हटलं, पहिल्या दोन्हींचं सांगता येत नाही.

आता खरी गोष्ट ऐक. चाळीस हजार माणसं भरली तर या दवाखान्याचं रुग्णालय होणार. तीस खाटा, ऑपरेशनची खोली, बाळंतपणाचा विभाग, रात्रंदिवस डॉक्टर. एकोणचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णव भरली तर आहे तेच, डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस. अडलेली बाई आली की नर्सबाई तिला गाडीत घालून बावन्न किलोमीटरवरच्या शहरात नेतात. गेल्या वर्षी तीन बाळं गाडीतच झाली, त्यातलं एक रेल्वेच्या बंद फाटकापाशी. चौथ्याबद्दल त्या बोलत नाहीत.

आणि आमची बेरीज आली चौतीस हजार नऊशे बारा.

आमच्या साहेबांनी आकडा वाचून दाखवला तेव्हा नर्सबाई कार्यालयातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "असं? मग मी रोज सुया कोणाला टोचते? पाहुण्यांना?" साहेब म्हणाले, "बाई, मी कागदावर जे आहे ते सांगतो." या साहेबांना सगळे पाठीमागे "खोडरबर" म्हणतात. टेबलावर तीन रबरं असतात आणि कुठलीही नोंद पाहिली की त्यांचा हात आधी रबराकडे जातो. वाईट माणूस नाही. फक्त माणसापेक्षा कागदाला जास्त घाबरतो.

मला काही ते चौतीस हजार पचेनात. शेडच्या मागे कामगारांच्या खोल्यांच्या रांगा आहेत, तिकडे पुन्हा गेले. खरं तर निघाले होते दुसरीकडेच, वाटेत एक माणूस हार्मोनियम खोलून बसला होता, ते बघण्यात वेळ गेला आणि पोचले संध्याकाळी साडेसहाला. तेवढ्यानेच काम झालं. एका खोलीत चार पोरी नुकत्या कामावरून आलेल्या. त्यातल्या चष्मेवालीला विचारलं, "इथे किती जणी?"

"चार."

कागदावरही चारच होत्या. खाटाही चार. पण खिळ्यांवर टॉवेल आठ, आणि डब्यात दात घासायचे ब्रश आठ.

"हे आठ ब्रश कोणाचे?"

"चार आमचे. चार त्यांचे."

"त्यांचे म्हणजे?"

"रात्रपाळीवाल्यांचे."

"त्या कुठे राहतात?"

तिने माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं. "इथेच की."

"अगं मग आठ जणी झाल्या ना!"

"नाही हो ताई, आम्ही चारच. त्या असतात तेव्हा आम्ही नसतो."

दादा, ती खोटं बोलत नव्हती. तिने त्या चौघींना कधी पाहिलंच नव्हतं. दिवसा जाणाऱ्या मोजणाऱ्याला चार झोपलेल्या दिसतात, संध्याकाळी जाणाऱ्याला चार जाग्या. खोलीवाला खाटा मोजून चार सांगतो. सगळे खरं बोलतात आणि निम्मी माणसं गायब!

आणि मला हे आधीच कळायला हवं होतं. बेकरीत असताना मीही अशीच राहत होते. माझ्या गादीवर दिवसा दुसरी कोणी झोपायची. आठ महिन्यांत तोंड पाहिलं नाही तिचं. उशीला तिच्या तेलाचा वास यायचा. एकदा मी तापाने फणफणले, तर दुसऱ्या दिवशी उशीखाली गोळ्यांची पट्टी ठेवलेली. एवढीच आमची ओळख.

खोडरबर म्हणाले, "ब्रश म्हणजे माणूस नव्हे. पुराव्यात बसत नाही."

मी म्हटलं, "मग माणसंच दाखवते. उद्या संध्याकाळी सहाला शेडपाशी या."

आले. इस्त्रीचा शर्ट घालून. सहाचा भोंगा झाला, फाटक उघडलं, आणि एकीकडून बाहेर येणारी आणि दुसरीकडून आत जाणारी माणसं समोरासमोर. साहेब बोटाने मोजायला लागले आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, "हे सगळे... इथे राहतात?" मी म्हटलं, "एका खाटेवर दोन. याच पंधरा मिनिटांत दोघं जागे असतात." त्यांनी हातातलं रबर खिशात टाकलं आणि म्हणाले, "नऊच्या नऊ मोजणाऱ्यांना उद्या सहाला इथे हजर करा."

उद्यापासून रोज एक शेड. ये म्हटलं असतं, पण तू दुकान सोडणार नाहीस.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल मी काही लिहिलं नाही. विसरले नाही. हात दुखला आता.

तुझी,
भिंगरी

---

२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. बस आधी. बसलास? एक्केचाळीस हजार दोनशे त्र्याऐंशी!

पुन्हा लिहिते, मला लिहायला आवडतंय. एक्केचाळीस हजार दोनशे त्र्याऐंशी. सहा हजार तीनशे एकाहत्तर माणसं आम्ही गादीखालून बाहेर काढली. अकरा दिवस, अकरा शेड. शेवटच्या दिवशी तर कामगारच ओळीत उभे राहून आम्हाला शिकवत होते, "आधी खोली नंबर लिहा ताई, मग खाट, मग पाळी." चष्मेवालीने तिच्या खाटेच्या रात्रवालीला फाटकात गाठून चक्क हात मिळवला. "तूच का ती, खिडकी उघडी टाकणारी?" "आणि तूच का ती, साबण संपवणारी?" दोघी इतक्या हसल्या की माझी ओळ चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

नर्सबाईंना आकडा सांगितला तेव्हा त्या भांडी घासत होत्या. घासतच राहिल्या. एकच पातेलं, पाच मिनिटं. मग म्हणाल्या, "चहा घेणार?" आणि चहात साखर घालायला विसरल्या. मीही विसरल्याचं सांगितलं नाही.

आता जे टाळतेय ते लिहिते. नाहीतर पुन्हा बदकं काढत बसेन.

आकडा एवढा वाढला म्हटल्यावर शहरातून तपासणी येणार. त्यांचा संशय असा की माणसं दुबार मोजली गेली. थोडी गेलीतच. यंत्रावर नावं जुळवली तेव्हा तीनशे बारा जण दोन ठिकाणी सापडले, इथेही आणि आपापल्या गावीही. सगळी तरणीताठी मुलं. इथे राहतात, इथे कमावतात, आणि तिकडे मोजणारा दारात आला की आई किंवा बाप सांगतात, आहे की, आमच्यातच आहे. तीनशे बारा घरांत हेच झालंय. ती यादी मी वाचत गेले, हसत हसत वाचत गेले. दोनशे सातव्या ओळीवर माझं नाव होतं.

तुझी शेवटची ओळ मला तोंडपाठ आहे. "मोजणारा आला होता. घरात किती म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, तीन."

दादा, त्या संध्याकाळी तूही होतास. धान्यवाला दुकानात दुरुस्तीला टाकलेला त्याचा काटा न्यायला आला, मी वजनं ठेवून पाहिली आणि म्हटलं, "बाबा, हा साठ ग्रॅम खातोय." त्यांनी वाकून पाहिलं, म्हणाले, "बरोबर आहे." मी गप्प बसायला हवं होतं, किंवा धान्यवाला गेल्यावर बोलायला हवं होतं. पण मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "तुम्हाला आता दिसत नाही. चष्मा करा, नाहीतर काट्याला हात लावू नका." धान्यवाला काटा उचलून दुसरीकडे गेला. जेवताना बाबा म्हणाले, "या घरात माणसं दोन. मी आणि माझा मुलगा." तू ताटातून मान वर केली नाहीस. तुला बोल लावत नाही, पण तेही लिहून टाकते. सकाळी मी निघाले.

अडीच वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय की मला फिरायची आवड आहे म्हणून घर सोडलं. आवड आहेच. पण खरं एवढंच आहे की मला घरातून वजा केलं होतं.

आणि आता त्यांनी तीन सांगितलं. मोजणाऱ्यासमोर. सरकारी कागदावर. मी ती ओळ वाचून नर्सबाईंच्या गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या चादरीत तोंड खुपसून रडले. चादर पुन्हा धुवावी लागली.

पण काटा चुकलाय ना, दादा. मी आठ महिने इथे राहते, म्हणजे मी इथली एक. तिकडे दोनच. नियम असा की दुबार नोंद कमी करायला घरच्या कर्त्या माणसाची सही लागते. आणि दुसरा नियम त्याहून वाईट. मोजणाऱ्याच्या स्वतःच्याच नोंदीत घोळ सापडला तर त्याची अख्खी वही बाद. माझ्या वहीत एक हजार नऊशे अठरा माणसं आहेत. दुबार तीनशे बारांच्या घरून सह्या आल्या तर इथला आकडा तोच राहतो, एक्केचाळीस हजार दोनशे त्र्याऐंशी. त्यातून माझी वही गेली तर एकोणचाळीस हजार तीनशे पासष्ट. तीस खाटा गेल्या.

खोडरबर म्हणाले, "इथलं नाव खोड. एका रबराचं काम." त्यांना वाटलं उपकार करतायत. मी म्हटलं, "साहेब, तपासणीवाले घरी आले तर मी माझं अंथरूण काय माळ्यावर लपवू? आणि ते न सापडताही ते खोटंच असेल." खोटं वजन ठेवून काटा जुळवायचा नाही, हे मला बाबांनीच शिकवलंय. सात वर्षांची होते. वजन हातात देऊन शिकवलंय.

म्हणजे मला पुन्हा तेच करायचंय. बाबांना सांगायचंय की तुमचा आकडा चुकला. आणि त्यांनी आयुष्यात एकदाच माझ्या बाजूने चूक केली, तर तीसुद्धा मीच दाखवायची. यासाठी पत्र लांबवत होते.

सोबत अर्ज आहे. "तीन" खोडून "दोन" लिहायचं, सही करायची. मुदत २८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पाचची. त्यांना एकट्याला असताना दे. गिऱ्हाईक नसताना दे. आणि सांग... काय सांगशील? सांग की तिला तीन पुरलं. जन्मभर पुरेल. आता दोन लिहा, कारण ती हरवलेली नाही, दुसरीकडे मोजली गेलीय.

त्यांनी नाही म्हटलं तर भांडू नकोस.

तुझी,
भिंगरी

---

२८ ऑक्टोबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं उत्तर नाही. मी वाट पाहत नाहीये असं दाखवायला हे पत्र लिहायला घेतलंय. नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, जिथून पोस्टमन आधी दिसतो.

तपासणी झाली! शहरातून एक मोठ्या बाई आल्या, अधिकारी, तोंडावर माशी बसली तरी हलणार नाही अशा. तीन दिवस राहिल्या. पहिल्या दिवशी वह्या चाळल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "एका खाटेवर दोन माणसं, ही कल्पना कोणाची?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, खोडरबर साहेबांनी सगळ्यात आधी. म्हटलं, मेले.

सहाला शेडपाशी नेलं त्यांना. त्यांनी स्वतःच खोल्या निवडल्या, चिठ्ठ्या टाकून. आणि दादा, त्या लोकांनी काय केलं असेल? कोणी सांगितलं नव्हतं. भोंगा होताच दोन्ही पाळ्या आपापल्या खाटेशी जाऊन उभ्या राहिल्या, एक उशाशी, एक पायथ्याशी. रात्रपाळीला उशीर झाला, शेडच्या मुकादमाने दहा मिनिटं फाटक उघडं ठेवलं. बाई एकेका खोलीत जात होत्या आणि माणसं आपापली नावं सांगत होती, जोरजोरात, शाळेतल्या हजेरीसारखी. एक जण तर नाव सांगून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, पुन्हा सांगू का? आत्तापर्यंत कोणी विचारलंच नव्हतं." बाईंच्या तोंडावरची ती माशी उडाली बघ.

चाळीस खोल्या तपासल्या. एकही माणूस कमी निघाला नाही. एक जास्त निघाला, तो मेव्हण्याला भेटायला आला होता, त्याला बाहेर काढलं. तो म्हणत होता, "मलाही घ्या ना, एवढे आहेत त्यात एक." नाही घेतला!

तिसऱ्या दिवशी दुबार नोंदींची यादी मागितली. तीनशे बारापैकी तीनशे अकरा सह्या आल्या होत्या. बाईंनी विचारलं, "ही एक राहिली ती कोण?" खोडरबर खाली बघायला लागले. मी उभी राहिले. "मीच आहे."

"तू मोजणारी ना?"

"हो."

"स्वतःलाच पकडलंस?"

"यंत्राने पकडलं. मी फक्त खोडलं नाही."

"का नाही खोडलंस? कोणाला कळलं नसतं कदाचित."

मी म्हटलं, "आमच्या घरी वजनकाट्यांचं दुकान आहे." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "नियम नियम आहे. अठ्ठावीस तारीख, पाच वाजेपर्यंत सही आली तर आकडा पक्का. मी निकालाचा कागद तयार करून ठेवते. तारखेची जागा मोकळी सोडते." आणि जाताना खोडरबर साहेबांना म्हणाल्या, "हिला पुढच्या कामावर कायम करा, माणसं शोधता येतात हिला." कायम! मी! तो शब्द मी तीनदा विचारून घेतला.

आता दोन वाजून दहा मिनिटं झालीत. पोस्टमन येऊन गेला. विजेचं बिल होतं.

मी घाबरले नाहीये. म्हणजे घाबरलेय, पण दादा, मागे घाबरल्यावर मी पिशवी भरायचे. आज पिशवी खुंटीवर आहे, त्यात नर्सबाईंनी कांदे भरून ठेवलेत. सही आली नाही तरी मी इथेच राहणार, आणि पुन्हा मोजणी मागणार, आणि सहा हजार तीनशे एकाहत्तर माणसं माझ्या मागे उभी राहतील, कारण त्यांना आता आपला नंबर माहीत आहे. बाबांवर मला राग नाही. ज्यांनी एकदा तीन म्हटलं त्यांच्या हाताने दोन लिहवत नसेल, तर मला ते कळतं. कळतं म्हणूनच

थांब. नर्सबाईंचा दवाखान्यातून फोन आला होता. घाईने लिहितेय, अक्षर लाव.

म्हणाल्या, "अगं, एक म्हातारे आलेत बसने. इथे उतरले आणि थेट आत. मी म्हटलं, काय होतंय आजोबा? तर म्हणाले, मला काही नाही, तुमच्या काट्याला होतंय. लांबूनच म्हणाले! बाळाचा काटा टेबलावर उलटा करून बसलेत. मला कोणी विचारलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, "कसे दिसतात?"

"जाड भिंगांचा चष्मा. नवा दिसतोय, सारखा नाकावर सरकवतात."

माझी आशा मावळली. आपल्या बाबांना कुठे चष्मा आहे. म्हटलं, शहरातून कोणी दुरुस्तीवाला पाठवला असेल. तरी विचारलं, "हातात काय आहे?"

"लाकडी पेटी. पितळी कड्यांची. एक कडी दोऱ्याने बांधलीय."

दादा! तो दोरा मी बांधलाय. तू चष्म्याचं मला एका पत्रात नाही लिहिलंस? कधी केला? मी निघाल्यावर किती दिवसांनी? एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवलीस, आणि मला म्हणतोस की मी पत्रात काही सांगत नाही!

मागून आवाज येत होता फोनमध्ये, तोच, घसा खाकरून बोलायचा. नर्सबाई मला सांगत होत्या, "ते म्हणतायत, अर्ज घेऊन आलोय, पण अजून सही केलेली नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी आकडा बदलत नाही, असं म्हणतायत. आणि विचारतायत की ती पोरगी इथे खरंच राहते, की पाहुणी आहे?"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार? म्हटलं, आमच्यातलीच आहे, नळ नीट बंद करत नाही. तर हसले गं. आणि विचारतायत, ऐंशी ग्रॅमचा घोळ तिच्या लक्षात आला होता का? मी म्हटलं, पहिल्याच आठवड्यात. तर मान खाली घालून पुन्हा काट्याला लागले. नुसते स्क्रू पिळतायत. ये लवकर, पेन आण, माझं चालत नाही."

अडीच वाजलेत. दवाखाना सात मिनिटांवर, कार्यालय तिथून चार. पेन हेच नेतेय, म्हणून पत्र इथे संपलं. दुकान आज तू एकट्याने सांभाळ, उद्याही. आणि त्या एकोणिसाव्या, काटे दुरुस्त करणाऱ्यांच्या रकान्यात शून्य आहे, ते त्यांना मी आज सांगणार नाही. आधी चहा देईन.

तुझीच, आणि इथे राहणारी,
भिंगरी